पुंडलिकाची वीट आणि शाळेची हजेरी

पंढरपुरातील माध्यमिक शाळांचे वर्ष दोन पंचांगांच्या कैचीत चालते. एक शिक्षणखात्याचे, जे जूनच्या मध्यास सुरू होऊन तासिकांच्या ठरीव क्रमाने पुढे सरकते; दुसरे तिथींचे, ज्याला अधिक मासाच्या हिशेबाने मागेपुढे होण्याची मुभा आहे. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली, तर पुढच्याच वर्षी १७ जुलैला. म्हणजे एकदा शाळा उघडून जेमतेम पंधरवडा झाला होता, आणि दुसऱ्यांदा महिना उलटून गेला होता.

या दिवसांत वर्गात न दिसणारे सारेच विद्यार्थी काही दिंडीबरोबर चाललेले नसतात. ज्या घरांचा वर्षाचा खर्च तुळशीच्या माळा, बुक्का आणि चुरमुऱ्यांच्या विक्रीवर किंवा वारकऱ्यांना दिलेल्या खोल्यांच्या भाड्यावर भागतो, त्या घरांतील नववी-दहावीची मुले दुकानावर बसतात. आणि कित्येक शाळांच्या इमारती तर बंदोबस्तावरील पोलिसांच्या मुक्कामासाठीच द्याव्या लागतात. परीक्षा मंडळाची पंचाहत्तर टक्के हजेरीची अट एवढ्याने मोडत नाही. परंतु हजेरीपट समाधानी असला तरी बीजगणित समाधानी नसते, कारण त्याचे प्रत्येक प्रकरण मागील प्रकरणाच्या खांद्यावर उभे असते.

अशा वेळी धर्मनिष्ठेपेक्षा कर्तव्य श्रेष्ठ, असा निवाडा देऊन पुंडलिकाचा दाखला पुढे करण्याची रीत आहे. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला विटेवर उभे केले. तेव्हा विद्यार्थ्यानेही अध्ययनासाठी देवाला तिष्ठत ठेवावे, हे ऐकायला सयुक्तिक वाटते. पण बापाच्या दुकानावर बसलेला मुलगा तरी दुसरे काय करीत असतो? त्याची गैरहजेरी हीच मातृपितृसेवा ठरत असेल, तर ती कथा शाळेच्या बाजूने साक्ष देणार कशी?

मला या कथेत पुंडलिकाच्या निष्ठेहून देवाचे थांबणे अधिक विचारार्ह वाटते. ज्याच्या हाती सर्व सामर्थ्य होते तो खोळंबला. ज्याचे हात कामात अडकले होते त्याच्यावर घाई लादली गेली नाही. हा न्याय शाळेला लावला, तर वेळापत्रक हे समर्थ आणि विद्यार्थी अडकलेला, हे कबूल करावे लागते. आणि मग थांबण्याचा भार वेळापत्रकावर येतो. वारीच्या पंधरवड्यात नवे प्रकरण न काढता मागील इयत्तेची उजळणी घेणे, आणि द्वादशीचे पारणे फिटून गाव रिकामे झाल्यावर जादा तासिका ठेवणे, यासाठी कोणत्याही वरिष्ठ कचेरीचा हुकूम लागत नाही. (देवाला जमले ते मुख्याध्यापकांना अगदीच अशक्य नसावे.)

माघी वारीपुढे मात्र हा उपाय लंगडा पडतो. २०२५ साली माघी एकादशी ८ फेब्रुवारीला होती आणि बारावीची परीक्षा ११ तारखेला सुरू झाली. मंडळाची तारीख साऱ्या राज्यासाठी एकच असते. तिला एका तालुक्याच्या यात्रेसाठी थांबता येत नाही, आणि तसे मागणेही रास्त नव्हे. तेव्हा माघीपुरती तजवीज दिवाळीच्या सुट्टीनंतरच सुरू झाली पाहिजे, आणि अभ्यासक्रम जानेवारीच्या मध्यास संपवण्याची ओढाताण शिक्षकांनी आपल्या अंगावर घेतली पाहिजे.