पक्षांतराचे पाप आणि कॅशलचे पाप

शपथ घेऊन एका धन्याची चाकरी पत्करलेला सैनिक ती सोडून दुसऱ्याच्या छावणीत गेला, की त्याला फितूर ठरवून मोकळे होण्याची रीत बहुतेक सर्व समाजांत आढळते. परंतु खाल्ल्या मिठाला जागावे हा नियम तेव्हाच सरळ लागू होतो, जेव्हा मीठ देणारा एक असतो, तो कोण याविषयी वाद नसतो आणि स्वतः तोही दिलेल्या शब्दाला जागत असतो. या तिन्ही अटी एकाच वेळी मोडल्या तर निष्ठा या सद्गुणाचे काय उरते, हा नीतिशास्त्रातील प्रश्न सतराव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडमध्ये जितक्या उघडपणे पुढे आला तितका क्वचितच कुठे आला असेल. त्या काळातील सेनानी मरो ओब्रायन, म्हणजे इंचिक्विनचा सहावा बॅरन, याची कारकीर्द या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयोगी आहे. कारण त्याने पक्ष बदलला, पुन्हा बदलला आणि शेवटी धर्मही बदलला, आणि तरीही त्याच्यावरचा सर्वांत जड आरोप यांपैकी कोणत्याही बदलाविषयीचा नाही.

ऑक्टोबर १६४१ मध्ये अल्स्टर प्रांतात कॅथलिकांचा उठाव झाला आणि पुढील वर्षी किलकेनी येथे आयर्लंडमधील कॅथलिक सरदार, धर्मगुरू आणि नगरांचे प्रतिनिधी यांनी स्वतःचे शासन उभे केले, ज्याला इतिहासकार कॉन्फेडरेट म्हणजे शपथबद्ध संघाचे शासन म्हणतात. या संघाच्या मुद्रेवर देव, राजा आणि मातृभूमी या तिघांची नावे एका ओळीत कोरलेली होती. उठाव करणारे स्वतःला राजाचे एकनिष्ठ प्रजाजन म्हणवत होते, त्यांच्याविरुद्ध लढणारे इंग्रज अधिकारीही राजाच्याच नावाने लढत होते, आणि ऑगस्ट १६४२ मध्ये इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटल्यावर पार्लमेंटनेही आपण राजाच्याच रक्षणासाठी शस्त्र उचलल्याचे जाहीर केले. एकाच राजाच्या नावाने परस्परांचे गळे कापणारे तीन पक्ष एका बेटावर जमले असता राजनिष्ठ कोण, हे केवळ घोषणांवरून ठरवणे अशक्यच होते.

ओब्रायन घराणे मूळचे गेलिक, म्हणजे इंग्रजांच्या आगमनापूर्वीच्या आयरिश राजवंशांपैकी एक. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या रणांगणात पडलेला महाराजा ब्रायन बोरू हा त्याचा मूळपुरुष. मरो १६१४ मध्ये जन्मला आणि दहा वर्षांचा असतानाच पोरका झाला. इंग्रजी कायद्यानुसार अशा अल्पवयीन वारसाचे पालकत्व राजसत्तेकडे जात असे, आणि मुलाला प्रोटेस्टंट वळण लावण्याचे ते एक हुकमी साधन होते. मरोही प्रोटेस्टंट म्हणून वाढला. मन्स्टर प्रांताचा लष्करी व मुलकी प्रमुख, ज्याला लॉर्ड प्रेसिडेंट म्हणत, तो सर विल्यम सेंट लेजर हा त्याचा सासरा झाला. इटलीत स्पेनच्या फौजेत युद्धकला शिकून परतल्यावर दोन-तीन वर्षांतच मरोला ती आपल्याच देशबांधवांविरुद्ध वापरावी लागली. सेंट लेजर १६४२ च्या उन्हाळ्यात वारला, सैन्याचे आधिपत्य जावयाकडे आले, आणि त्याच वर्षी लिसकॅरलच्या लढाईत त्याने कॉन्फेडरेट फौजेचा मोड केला.

पहिले पक्षांतर १६४४ मधले. राजाने आदल्या वर्षी कॉन्फेडरेटांशी तह करून युद्ध थांबवले होते आणि इंचिक्विनने तो निर्णय मान्य करून आपल्या तुकड्याही राजाच्या मदतीला इंग्लंडात धाडल्या होत्या. नंतर तो स्वतः ऑक्सफर्डला, राजाच्या युद्धकालीन दरबारी गेला आणि सासऱ्याचे रिकामे झालेले पद त्याने मागितले. ते पोर्टलंडच्या अर्लला मिळाले. इंचिक्विन रिकाम्या हाताने परतला आणि जुलैमध्ये त्याने पार्लमेंटचा पक्ष धरला. मन्स्टरमधील प्रोटेस्टंट वसाहतींना राजा कॅथलिकांच्या हवाली करील, हे भय त्याने कारण म्हणून पुढे केले. हे भय खरे होते आणि मानभंगही खरा होता. दोन्ही हेतू एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे मान्य न करणारे चरित्रकार त्याला एक तर धर्मवीर करतात नाही तर पदलोभी. पार्लमेंटने जानेवारी १६४५ मध्ये त्याला तेच पद बहाल केले, ही गोष्ट मात्र पहिल्या गटाला जरा अडचणीची आहे.

परंतु त्या काळच्या राज्यविचारात या कृत्याला आधार होता. राजाची व्यक्ती वेगळी आणि राजपदाचा अधिकार वेगळा, हा भेद इंग्रजी कायदेपंडितांना जुनाच परिचित होता. पार्लमेंटने त्याचा आधार घेऊन असे प्रतिपादले की राजा दुष्ट सल्लागारांच्या हाती सापडला असता त्याच्या अधिकाराचे रक्षण प्रसंगी त्याच्या व्यक्तीविरुद्ध लढूनही करावे लागते. पार्लमेंट आणि स्कॉटिश लोक यांच्यातील १६४३ च्या धर्मकरारातही राजाची व्यक्ती आणि अधिकार जपण्याचे वचन आहे. या युक्तिवादात पळवाट दिसते आणि ती आहेही. मात्र जिला हजारो प्रामाणिक माणसांनी रस्ता मानले, तिला निव्वळ लबाडी म्हणता येत नाही.

शपथेचे बंधन कुठवर, याचा सर्वांत शिस्तशीर विचार त्याच सुमारास ऑक्सफर्डमधील धर्मपंडित रॉबर्ट सँडरसन याने आपल्या लॅटिन व्याख्यानांत केला. त्याची पद्धत प्रसंगनिष्ठ नीतिविचाराची, म्हणजे सर्वसाधारण नियम विशिष्ट अडचणीच्या प्रसंगी कसा लागू करावा हे एकेक उदाहरण घेऊन तपासण्याची. पाप करण्याची शपथ बंधनकारक नसते, पण केवळ तोटा होतो म्हणून शपथ सुटत नाही, आणि शब्दांचा सरळ अर्थ मनातल्या मनात फिरवून घेण्याची मुभा कुणालाही नाही, हा त्याच्या विवेचनाचा गाभा. या व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर राजाच्या आज्ञेवरून झाले आणि त्याने ते स्वतः तपासले, असे १६५५ च्या आवृत्तीवर छापलेले आहे. याच राजाने १६४५ मध्ये ग्लॅमॉर्गनच्या अर्लमार्फत कॉन्फेडरेटांशी गुप्त करार करवला होता, आणि तो उघडकीस येताच आपल्या दूताला तोंडघशी पाडून हात झटकले होते. सेवकाच्या निष्ठेचा हिशेब मांडताना धन्याच्या खात्यातील ही बाकी सहसा कुणी धरत नाही.

सप्टेंबर १६४७ मध्ये पार्लमेंटचा सेनापती म्हणून इंचिक्विनने टिपेररी भागात मोहीम काढली आणि तो कॅशलला पोचला. सपाट प्रदेशातून एकाएकी वर आलेल्या चुनखडीच्या खडकावर तिथे कॅथेड्रल, गोल मनोरा आणि जुने प्रार्थनामंदिर एकाच तटाच्या आत उभे आहेत. मन्स्टरच्या राजांचे हे प्राचीन ठाणे ओब्रायन घराण्यातीलच राजा मुर्खर्टाख याने ११०१ मध्ये धर्मसंस्थेला दान दिले होते. गावातील माणसे, धर्मगुरू आणि कॉन्फेडरेट शिबंदी या तटाच्या आश्रयाला गेली होती. शिबंदीने सन्मानाने निघून जावे, मात्र धर्मगुरू आणि नागरिक यांना मागे ठेवावे, असा प्रस्ताव इंचिक्विनने पाठवला आणि तो नाकारला गेला. मग त्याच्या सैनिकांनी जळते पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेले मातीचे इंधन, तटाच्या आत फेकून आतल्यांना धुराने हैराण केले, तट ओलांडला, आणि कॅथेड्रलचे दरवाजे बंद आहेत असे पाहून शिड्या लावून खिडक्यांतून आत प्रवेश केला. वेदीभोवती आश्रय घेतलेली माणसे तिथेच मारली गेली. मृतांचा आकडा समकालीन वृत्तांतांत आठशेपासून हजारापर्यंत दिलेला आढळतो, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. आयरिश भाषेतील प्रश्नोत्तररूप धर्मपाठाचे पुस्तक १६३९ मध्ये ब्रसेल्सला छापणारा थिओबॉल्ड स्टेपलटन हा धर्मगुरूही त्यांत होता. आयरिश लोकांनी इंचिक्विनला जाळपोळीचा मरो हे नाव दिले आणि ते त्याला कायमचे चिकटले. दोन महिन्यांनी नॉकनानसच्या लढाईत त्याने मन्स्टरमधील कॉन्फेडरेट फौज जवळजवळ नष्ट केली. पार्लमेंटच्या दृष्टीने तो त्याच्या कर्तबगारीचा कळस होता.

यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, एप्रिल १६४८ मध्ये, तो पुन्हा राजाच्या पक्षात आला आणि मे महिन्यात त्याने कॉन्फेडरेटांशी युद्धबंदीचा करार केला. पार्लमेंट रसद आणि पगार पाठवत नव्हते, तिथल्या एका गटाचा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता, आणि जानेवारीत पार्लमेंटने राजाशी बोलणीच बंद करण्याचा ठराव केला होता. राजाचा अधिकार जपण्यासाठी पार्लमेंटकडे गेलो असे म्हणणाऱ्याला त्याच कारणाने आता पार्लमेंट सोडणे भाग होते, आणि तर्काच्या दृष्टीने यात विसंगती नाही. विसंगतीचा पेच पडला तो पलीकडच्या बाजूला. पोपचा प्रतिनिधी, ज्याला नुन्सिओ म्हणतात, तो आर्चबिशप रिनुचीनी याने कॅशलच्या मारेकऱ्याशी करार करणाऱ्या सर्वांवर धर्मबहिष्कार पुकारला, म्हणजे त्यांना धर्मसंस्थेच्या संस्कारांपासून तोडले. किलकेनीच्या सर्वोच्च मंडळाने धर्मपंडितांचे मत मागवले, तेव्हा फ्रान्सिस्कन पंथाचा पीटर वॉल्श आणि ऑसरीचा वृद्ध बिशप डेव्हिड रोथ यांनी हा बहिष्कार अवैध ठरवला. राजाशी शपथेने बांधलेल्या प्रजेला राजकीय बाबतीत त्या शपथेविरुद्ध वागायला लावण्याचा अधिकार धर्मसंस्थेला पोचत नाही, असा त्यांच्या बाजूचा आशय होता. देव आणि राजा मुद्रेवर शेजारी बसू शकले, तरी त्यांच्या प्रतिनिधींना किलकेनीत एकत्र नांदता आले नाही.

कॅथलिक पक्षातला सर्वांत कट्टर सेनानी ओवेन रो ओनील याने नुन्सिओची बाजू घेतली आणि कराराला विरोध केला. पण १६४९ च्या उन्हाळ्यात, दारूगोळा संपत आला तेव्हा, त्यानेच पार्लमेंटचा सेनापती मंक याच्याशी तीन महिन्यांची युद्धबंदी केली आणि डेरीत वेढलेल्या पार्लमेंटच्या फौजेची सुटका केली. नोव्हेंबरमध्ये मृत्यू आला तेव्हा तो राजपक्षाशी समेट करून बसला होता. ज्याच्या श्रद्धेबद्दल शत्रूलाही शंका नव्हती, त्या माणसाचा मार्गही इंचिक्विनइतकाच वाकडा दिसावा, यावरून एवढे नक्की ठरते की मार्गाच्या वळणांवरून माणसाची श्रद्धा मोजता येत नाही.

निष्ठेचे शास्त्र इंचिक्विनच्या हाताखालच्या सैनिकांनीही शिकून घेतले होते. पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल ऑगस्ट १६४९ मध्ये डब्लिनला उतरला, सप्टेंबरमध्ये त्याने द्रोहेडाची कत्तल केली, आणि ऑक्टोबरमध्ये कॉर्क व यॉल या बंदरांतील इंचिक्विनच्याच प्रोटेस्टंट शिबंद्या क्रॉमवेलला मिळाल्या. कॅथलिकांपासून प्रोटेस्टंटांचे रक्षण हे आपले काम, असे ज्यांना पाच वर्षे सांगितले गेले, त्यांनी सेनापतीच कॅथलिकांच्या पंक्तीला बसल्यावर त्याला सोडले. त्यांचा युक्तिवाद शब्दशः त्याचाच होता. या घडामोडींनंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात थॉमस हॉब्ज याने, आज्ञापालनाचे बंधन रक्षण करण्याची शक्ती असेपर्यंतच टिकते, असा सिद्धान्त मांडला. हा सिद्धान्त अनेकांना निर्लज्ज वाटला, परंतु यॉलच्या शिबंदीला तो वाचण्याची गरज पडली नसती.

१६५० च्या अखेरीस इंचिक्विन देश सोडून फ्रान्सला गेला आणि निर्वासित असतानाच त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला. महत्त्वाचे असे की १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर जमीनजुमला परत मिळाला, पण मन्स्टरचे लॉर्ड प्रेसिडेंटपद त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला, क्रॉमवेलच्या बाजूने शिबंद्या फोडणाऱ्या ब्रॉहिलला, मिळाले. ज्या पदासाठी १६४४ मध्ये राजपक्ष सुटला तेच पद आता आड आलेल्या धर्मामुळे दुसऱ्यांदा हुकले. पक्षबदलाचा खरेपणा जोखण्याची एक कसोटी मानायची असेल, तर त्या बदलाने काय मिळाले यापेक्षा काय गमावले हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते, आणि त्या कसोटीवर त्याचा शेवटचा बदल पहिल्यापेक्षा निःसंशय अधिक प्रामाणिक उतरतो. १६७४ मध्ये तो कॅथलिक म्हणूनच वारला आणि लिमरिकच्या सेंट मेरी कॅथेड्रलमध्ये त्याचे दफन झाले.

तेव्हा पक्षांतराच्या आरोपापुरता इंचिक्विनचा बचाव होऊ शकतो: धनी स्वतः शब्दाला जागत नव्हता, शपथेचा विषय फुटलेला होता, आणि त्याच्याहून निर्मळ माणसेही त्याच वाटेने गेली. कॅशलबद्दल मात्र यांपैकी एकही उत्तर लागू पडत नाही, कारण तिथे त्याने कोणतीही शपथ मोडली नव्हती; तो आपल्या त्या वेळच्या धन्याशी पूर्ण एकनिष्ठ होता आणि ती निष्ठाच त्याने कॅथेड्रलच्या खिडक्यांतून आत नेली. निष्ठा कोणाशी हा प्रश्न विचारणारे नीतिशास्त्र त्या दिवशी त्याला निर्दोष सोडते, हा त्या नीतिशास्त्राचा दोष आहे. पार्लमेंटने १६५२ च्या कायद्यात माफीतून वगळलेल्यांमध्ये त्याचे नाव घातले, ते राजाचा पक्षपाती म्हणून. कॅशलची कत्तल त्याने त्याच पार्लमेंटच्या चाकरीत केली होती.