ऐकीव आरोप आणि शब्दप्रमाण

न्यायदर्शनाने मानलेल्या चार प्रमाणांपैकी शब्द, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान, हे व्यवहारात सर्वांत उपयोगी पडते आणि तितक्याच सहज फसवतेही. म्हणूनच न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताला, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण धरावा अशा वक्त्याला, दोन अटी घातल्या: त्याने ती गोष्ट साक्षात जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते, असेही त्याने स्पष्ट केले.

खासगीपणा जपण्याची हमी देणाऱ्या जिनिव्हाच्या प्रोटॉनमेल या ईमेल सेवेवर मे 2019 मध्ये झालेला आरोप या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे. ही कंपनी तपासयंत्रणांना थेट पाळतीसाठी स्वेच्छेने मदत करते, असे एका स्विस वकिलाने लिहिले, आणि त्याला आधार होता एका सरकारी अभियोक्त्याच्या भाषणाचा. त्या अभियोक्त्याने मात्र आपण कंपनीचा उल्लेख केवळ संभाव्य साहाय्यकर्ती म्हणून केला होता असे कळवले आणि कंपनीनेही आरोप फेटाळला. लिहिणाऱ्याने साक्षात जाणले होते ते भाषण, कंपनीचे वर्तन नव्हे. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण प्रामाणिकपणा ही दुसरी अट आहे आणि तिने पहिलीची उणीव भरून निघत नाही. बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत प्रत्येक ज्ञान स्वतःच प्रमाण असते, असे म्हणणारा मीमांसादर्शनाचा अनुयायीही अभियोक्त्याच्या खुलाशानंतर या आरोपाची पाठराखण करू शकला नसता.

सप्टेंबर 2021 मध्ये फ्रान्समधील हवामान-आंदोलकांच्या प्रकरणात कंपनीने एका खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट-जोडणीचा क्रमांक, नोंदवून दिल्याचे उघड झाले, तेव्हा जुना आरोप खरा ठरला असे मानण्याचा मोह साहजिक होता. परंतु फ्रेंच पोलिसांची विनंती युरोपोल या युरोपीय पोलीस यंत्रणेमार्फत स्वित्झर्लंडला पोहोचली होती आणि स्विस अधिकाऱ्यांचा आदेश बंधनकारक होता. सक्तीने दिलेली माहिती हा स्वेच्छेचा पुरावा होत नाही. याच प्रकरणानंतर कंपनीलाही आयपी नोंदींविषयीचे आपले जाहीर विधान बदलावे लागले, यावरून हितसंबंध गुंतलेला वक्ता स्वतःच्या स्तुतीत आप्त नसतो, हे दिसते. मात्र विषयाची ओळ एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने, म्हणजे केवळ पाठवणारा व घेणारा यांनाच वाचता येईल अशा कुलूपबंदीने, झाकली जात नाही, हे तिचे निवेदन स्वतःच्या जाहिरातीला मारक असूनही केलेले असल्याने अधिक वजनाचे मानावे लागते.