प्रकल्प आणि प्रमाण

चाकणच्या कारखान्यांत उन्हाळी प्रकल्पासाठी सुमारे दोन महिने येणाऱ्या व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे मुख्य अडचण उभी राहते ती ही की, विक्रीचे व खर्चाचे खरे दफ्तर परक्यापुढे उघडण्यास अधिकारी, व्यापारी गुपिताच्या रास्त भयाने, राजी नसतात, आणि मुदत तर टळत नाही. मग कामगारांसाठीच्या कोऱ्या प्रश्नावल्याही वसतिगृहातच भरून काढण्याचा मोह होतो, आणि येथे प्रश्न धर्माचा होतो: ज्या अहवालाची तपासणी होणार नाही, त्यात सत्य कोणासाठी राखावयाचे?

गीतेतील फलत्यागाचा उपदेश मला येथे अपुरा वाटतो, कारण अहवालास मिळणाऱ्या गुणांविषयी उदासीन असणाराही खोटे आकडे लिहू शकतो. जवळच देहूस, १७ व्या शतकात, वाण्याचा व्यवसाय असलेल्या घरातील तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, मात्र भावाचा वाटा त्याच्या स्वाधीन केला, असे परंपरा सांगते. स्वतःच्या हक्कावर पाणी सोडणारा हा पुरुष दुसऱ्याच्या हक्कास स्पर्श करीत नाही, हा भेद मला फार मोलाचा वाटतो. न विचारलेल्या कामगाराचे उत्तर हेही त्याचेच धन आहे. ते त्याच्या नावे लिहिण्याचा अधिकार विद्यार्थ्यास नाही. ५० ऐवजी १२ उत्तरे मिळाली, तर अहवालात १२ च लिहावीत, आणि दफ्तर का मिळाले नाही तेही नमूद करावे.