माउलींच्या मायबापांची गोष्ट

सज्जनहो, आषाढी वारीत माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघून हडपसरला येते, आणि तेथे दोन्ही वाटा फुटतात. माउली दिवेघाट चढून सासवडला जातात. तुकोबाराय सोलापूर रस्त्याने मांजरीच्या शिवेवरून लोणी काळभोरला मुक्कामी जातात. आमचा जन्म या मांजरीचा. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत गेले, उसाच्या फडांत इमारती उभ्या राहिल्या; पण पालखीच्या दिवशी पाण्याची कळशी घेऊन रस्त्याला उभे राहण्याची सवय काही गेली नाही.

मागे एका वारीत असेच उभे असता नातवाने विचारले, "आजोबा, तुमच्या आईबाबांचं लग्न कसं जमलं हो?" आम्ही म्हटले, "अरे, याच रस्त्यावर. दोघांचे बाप एका दिंडीचे. इथंच झाडाखाली भाकरी खाताना एकजण म्हणाला, माझी पोर तुझ्या पोराला. झालं!" पोर म्हणाला, "मग आजीला कुणी विचारलं?" सांगायला लाज वाटते, पण आमच्यापाशी उत्तर नव्हते. आई जाऊन वर्षे लोटली. तिला आम्ही कधी विचारलेच नाही.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मन आळंदीला गेले. आपल्या मायबापांची गोष्ट आम्हांस धड ठाऊक नाही, पण माउलींच्या मायबापांची गोष्ट परंपरेने नामदेवरायांच्या नावच्या 'आदि' प्रकरणात आणि महीपतींच्या 'भक्तविजया'त जपून ठेवली आहे. ती पुन्हा एकदा ऐकू या.

गोदाकाठच्या आपेगावचे विठ्ठलपंत तीर्थयात्रा करीत आळंदीस आले. तेथील सिद्धोपंतांनी त्यांचे आचरण पाहिले, देवाचा दृष्टांत झाला, आणि कन्या रुक्मिणी त्यांना दिली. संसार मांडला खरा, पण विठ्ठलपंतांचे चित्त वैराग्याकडे. मूलबाळही नव्हते. काशीस जाण्याची परवानगी ते पुनःपुन्हा मागत. एके दिवशी बायकोचे लक्ष नसता त्यांनी विचारले, तिच्या तोंडून "जा" निघाले, आणि तेवढा शब्द धरून ते गेले. काशीत त्यांनी संन्यास घेतला.

इकडे रुक्मिणीबाई अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. पुढे विठ्ठलपंतांचे गुरू यात्रेस निघाले ते आळंदीस उतरले. या माउलीने नमस्कार केला. स्वामी म्हणाले, पुत्रवती हो. तिला हसू आले. स्वामींनी कारण पुसले, तेव्हा सगळा उलगडा झाला. स्वामी आल्या पावली काशीस परतले आणि शिष्याला म्हणाले, घरी जा, संसार कर.

येथे थांबावे, महाराज. गुरूने शिष्याला मोक्षाच्या वाटेवरून मागे का फिरविले? दुसऱ्याचे मन आडवळणी असता काढून घेतलेला होकार हा होकार नव्हे. एका जिवाला घरी रडत ठेवून केलेला त्याग देवाच्या दारी जमा होत नाही. विठ्ठलपंतांनी गुरूची आज्ञा शिरसावंद्य मानली आणि परतले. त्या परतीतून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार रत्ने झाली. आज ज्ञानदेवांचे जन्मवर्ष सामान्यतः शके ११९७, म्हणजे सन १२७५, मानतात.

पण समाजाने क्षमा केली नाही. संन्यासी पुन्हा संसारी झाला म्हणून घराला वाळीत टाकले, मुलांना मुंजीवाचून ठेवले. मुलांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून मायबापांनी देहान्त प्रायश्चित्त स्वीकारले आणि पोरे पोरकी झाली. त्यांतल्याच ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली, आणि शेवटी पसायदानात मागणे मागितले ते साऱ्या विश्वासाठी. ज्यांनी आईबापांना जगू दिले नाही, तेही त्या मागण्यातून वगळले नाहीत.

आमच्या परंपरेचा मोठेपणा पाहा. बापाने आईला चकवून "जा" म्हणवून घेतले, आई आशीर्वादाला हसली, या अवघड गोष्टी चरित्रकारांनी झाकल्या नाहीत. माउलींचे मायबाप म्हणून त्यांना सोन्याचा मुलामा दिला नाही. म्हणूनच ते आपल्याला आपले वाटतात.

आता आमच्या घरचे सांगतो. वडील वर्षानुवर्षे वारीला जात. उंबऱ्यावर उभे राहून म्हणत, "येतो गं." आई चुलीपुढे बसूनच म्हणे, "जा." मागे पेरणी, गुरे, आम्ही पाच पोरे, सगळे तिच्या अंगावर. वडिलांची वारी झाली, हे गावाला ठाऊक. तिची वारी उंबऱ्याच्या आत झाली, ती फक्त पांडुरंगाला ठाऊक. तिचे ते "जा" मनापासूनचे होते, की रुक्मिणीबाईंच्यासारखे? आम्हांस कळायला उशीर झाला.

म्हणून वाचकहो, हात जोडून दोन गोष्टी मागतो. ज्यांचे मायबाप आहेत त्यांनी आज सांजेला त्यांच्यापाशी बसावे आणि विचारावे, तुमचा संसार कसा सुरू झाला? गोड तेवढेच नको, अवघडही ऐकावे. मायबापांची सेवा करणाऱ्या पुंडलिकाच्या दारी देव विटेवर उभा राहिला. सेवेत पाय चेपणे येते, तसे ऐकणेही येते. आणि वारीला निघण्यापूर्वी घरच्या लक्ष्मीला तिच्या डोळ्यांत पाहून विचारावे. तिने "जा" म्हटले, तर मनात ती आहे असे समजून चालावे. आणि "यंदा नको" म्हणाली, तर तोही पांडुरंगाचाच निरोप मानावा.

रामकृष्णहरि.