मागे वळणारा पोपट

आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर येतो. भारतातून आलेले पाहुणे हमखास म्हणतात, "अगं, हमिंगबर्ड!" सिंगापुरात हमिंगबर्ड नाही; तो फक्त अमेरिका खंडांत असतो. पण या गैरसमजामुळे मी त्याच्याविषयी वाचू लागले आणि वाचता वाचता एका पोपटापाशी अडकले.

तो पोपट म्हणजे कॅरोलिना पॅराकीट. हिरवं अंग, पिवळं डोकं. अमेरिकेच्या पूर्व भागात त्याचे मोठे थवे असत. जंगलं तुटली, बागायतदारांनी गोळ्या घातल्या, टोप्यांसाठी पिसं गेली. २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातला शेवटचा पोपट, 'इंकास', मेला. पण मला छळते ती वेगळीच गोष्ट. थव्यातला एक जखमी होऊन पडला की बाकीचे पळून जात नसत. ओरडत त्याच्याभोवती परत येत, आणि शिकारी त्यांनाही टिपत.

त्याच प्रदेशातला लाल गळ्याचा हमिंगबर्ड आजही आहे. वजन जेमतेम तीन ग्रॅम, तरी मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडतो. प्रवास एकट्याचा. फुलांवर दुसरा आला की हाकलतो. नर पिलांकडे फिरकतही नाही.

आता सांगा, शहाणं कोण?

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला माझी आत्या आजारी पडली. इथे माझा करार वाढण्याची वेळ तोंडावर आली होती. मी गेले नाही. करार वाढला, आत्या राहिली नाही. "येऊन तरी काय केलं असतंस?" असं घरचेच म्हणाले. मीही स्वतःला हमिंगबर्डचंच तर्कशास्त्र सांगत राहिले: मागे वळतो तो संपतो.

पण या तर्कात खोट आहे. जो टिकला तोच बरोबर, असं टिकण्यावरून सिद्ध होत नाही. हमिंगबर्डही टोप्यांवर लावण्यासाठी मारले जात. इंकास मेला त्याच वर्षी, जुलैमध्ये, अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि हमिंगबर्डला त्याचं छत्र मिळालं. म्हणजे हा एकटा पक्षीदेखील केवळ स्वतःच्या हिमतीवर जगलेला नाही. पोपटाच्या वाट्याला असं छत्र वेळेत आलं नाही. त्याचं परत फिरणं हा गुन्हा नव्हता. गोळी झाडणारा हात माणसाचा होता.

म्हणून मला आता वाटतं, "मागे वळावं का?" एवढाच प्रश्न अपुरा आहे. वळणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून बाकीच्यांनी काय केलं, हेही विचारायला हवं. परवा प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याला वडिलांसाठी तातडीने मनिलाला जावं लागलं. तीन आठवडे त्याचे प्रयोग मी सांभाळले. माझ्या वेळी मी कुणाला विचारलंच नव्हतं. एकटीनेच निभवायचं असतं, असं धरून चालले होते.

तुमच्याकडेही रात्री-अपरात्री तसा फोन येईल. तेव्हा एकट्याने हिशेब मांडत बसू नका. आणि फोन शेजाऱ्याला आला, तर त्याने तिकीट काढण्याआधीच त्याच्या घराची किल्ली मागून घ्या.