हातउसने की भाग?

सल्ला विचारला की माणूस मोठा होतो आणि पैसे मागितले की लहान होतो. हा प्रयोग मी स्वतःवरच करून पाहिलेला आहे.

आमचा भाचा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्यानं घेऊन लेथ टाकायचं म्हणत होता. पालघरला आमच्या ओटीवर बसून त्यानं विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" मी पाऊण तास बोललो. गिऱ्हाईक आधी बघ, मशीन मागाहून. एकाच कंपनीच्या जिवावर संसार मांडू नकोस. (जन्मभर एक तारखेला पगार घेतलेल्या माणसाचे धंद्याविषयीचे विचार नेहमी बरोबरच असतात.) शेवटी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्टही सांगितली. बेळगावची जागा सोडावी लागली, लोखंडी नांगरानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत होते, अशा वेळी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचं माळरान दिलं आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली!

भाच्यानं शांतपणे विचारलं, "मामा, यातले तुम्ही कोण?"

मला एकदम उमरोळीला कुणाकडे तरी जायचं आठवलं. पण ही दारात उभी होती. दोन लाख दिले.

"हे हातउसने समजू की भाग?" त्यानं विचारलं.

"अरे, आपल्यात कसला आलाय हिशेब!" मी म्हणालो. तो पाया पडला. सगळ्यांना मी थोर वाटलो. मलाही वाटलो. आतला हिशेब मात्र पक्का होता: चाललं तर भाग, बुडालं तर हातउसने.

पुढे वर्तमानपत्रात वाचलं की नव्या उद्योगांत पैसे घालणारे मोठमोठे लोकही असंच करतात. आधी कर्ज म्हणून द्यायचं आणि पुढे त्याचे शेअर करून घ्यायचे. त्याला 'कन्व्हर्टिबल नोट' म्हणतात. आपल्या सरकारनं २०१६ साली स्टार्टअपसाठी तिला मोकळीक दिली, तीही एकरकमी निदान २५ लाखांना. माझ्या लबाडीला इंग्रजी नाव आहे हे वाचून बरं वाटलं. पण ते लोक कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतात. शिवाय ते दहा ठिकाणी पेरतात. एक चांगलं उगवलं की बाकीच्या नवांचं दुःख आवरतं. पेरणाऱ्याला दहातलं एक. ज्याचं जातं त्याला मात्र तेवढं एकच. माझी तर दोन्हीकडून पंचाईत. भाचा एकच, आणि कागद नाही.

गाळ्यात काम नव्हतं असं नाही. तारापूरच्या केमिकल कारखान्यांत पंपांचे स्लीव्ह ॲसिडनं झिजतच असतात, आणि ते बदलून द्यायला कुणीतरी लागतंच. अडलं ते पैशांपाशी. लहान कारखानदाराचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं, नाहीतर व्याज द्यावं, असा २००६ चा कायदा आहे. पण गिऱ्हाईकच मुळी एक, त्याच्यावर तक्रार कोण करणार? ('एकाच कंपनीच्या जिवावर' वगैरे मी बोललो होतो. दुसरी कंपनी कुठून आणायची ते मात्र सांगायचं राहिलं.)

पहिल्या दिवाळीला भाचा पाकीट घेऊन आला. आत पाच हजार.

"वर्ष तोट्यात गेलं, मामा. पण तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी हातउसनेच लिहून ठेवलंय. थोडे थोडे फेडीन."

म्हणजे सगळा तोटा त्यानं एकट्यानं अंगावर घेतला होता. 'अरे, त्यातला थोडा माझा' एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. मी पाकीट घेतलं. तो गेल्यावर आत जाऊन मोजलंसुद्धा. पुढच्या दिवाळीलाही तसंच झालं.

परवा कळलं, तो दुसरी लेथ घेतोय. आता दुसरी कंपनीही मिळाली आहे म्हणे. तेव्हापासून ती दोन्ही पाकिटं त्याला परत करावीत, भाच्याकडून कसली वसुली, असं मला फार मनापासून वाटू लागलं आहे. हिला तसं बोलून दाखवलं.

ही निवडता निवडता म्हणाली, "दोन वर्षं कुठे गेलं होतं हे मन?"