मुक्कामाची रात्र

हल्ली परीक्षा संपली की घराघरांत एक नवा हट्ट सुरू होतो. "आई, शनिवारी माझ्या मैत्रिणी आपल्याकडे झोपायला येऊ देत ना!" मुलं याला स्लीपओव्हर म्हणतात. तसं बघायला गेलं तर आपल्याला हे नवीन नाही. मे महिन्यात मामाच्या घरी दहा-बारा भावंडं एका सतरंजीवर ओळीनं झोपायची, तेच हे. फरक एवढाच की ती सगळी एका चुलीच्या सवयीची असायची. आता येणारी मुलं निरनिराळ्या घरांतली असतात. आमच्या बेळगावात तर एक मराठी बोलणारी, दुसरी कन्नड, तिसरी कोंकणी. एकीच्या घरी रात्री नऊला ताटं मांडतात, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात.

मग आया याद्या करायला बसतात. कोणता सिनेमा लावायचा, कोणते खेळ, खाऊ काय, बक्षिसं कुठली. याद्या करू नयेत असं मी म्हणत नाही. पण आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: ही जी मजा होणार आहे, ती कोणाच्या जिवावर होणार आहे?

प्रश्न जरा जड वाटेल, पण आपल्या शास्त्रानंच तो शिकवलाय. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली, तिथं प्रमाद आधी धरला आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. मनात दुष्टावा असलाच पाहिजे असं नाही, लक्ष नसलं तरी दुसऱ्या जिवाला दुखापत होते. आता आठ मुलं एका खोलीत, घरापासून लांब, रात्रीची वेळ. गाफील राहायला याहून सोपी जागा कुठली?

थट्टेचंच बघा. एखादी पोर लवकर झोपते. बाकीच्या तिच्या तोंडावर काजळानं मिश्या काढतात आणि मोबाइलवर फोटो घेतात. काढणारी एकच असते. काजळाची डबी आणून देणारी दुसरी. तोंडावर हात धरून हसणाऱ्या पाच. कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन शब्द आपण प्रतिक्रमणात म्हणतो, ते इथं जसेच्या तसे दिसतात. हसणाऱ्या पाचजणींना वाटतं, आम्ही कुठं काय केलं? आणि दाराआडून "मुलंच ती" म्हणून कौतुकानं बघणारी आईही त्या तिसऱ्या शब्दात येते.

यावर कुणी म्हणेल, एवढं जपलं तर मुलं बुळी होतील. चारचौघांत थोडी टिंगल सोसता आली पाहिजे. म्हणणं अगदीच खोटं नाही. चिडवाचिडवीतून मैत्रीही होते. म्हणून मी एक साधी कसोटी लावते. जिची थट्टा झाली, तिला पुन्हा आपली पाळी यावी असं वाटतं का? आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेली मुलगी धडपडते, सगळे हसतात, पण थोड्या वेळानं तीच "परत मी, परत मी" करते. तो खेळ झाला. झोपलेल्या पोरीला पाळी नको होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट जेवणाची, आणि ती आपल्या बायकांना जास्त अवघड. घराचा नियम रात्रीभोजनत्यागाचा. पाहुणी मुलगी दहा वाजता हळूच येऊन म्हणते, "काकी, भूक लागलीय." आता काय करायचं? नियम मोडून द्यावं तर कारित आणि अनुमोदना दोन्हींचा दोष लागेल असं जाणत्या बायका म्हणतात. न द्यावं तर? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि पाचवा, अन्नपाणी रोखणं. आपल्या आसऱ्याला असलेल्या जिवाला उपाशी ठेवणं शास्त्रानं माराच्याच रांगेत बसवलंय. त्या रात्रीपुरती ती पोर आपल्या आसऱ्याला आहे.

माझं मत मी सांगते, पटेल तिनं घ्यावं. व्रत हे आपण होऊन घ्यायचं असतं. त्या मुलीनं ते घेतलेलं नाही. आपल्या व्रताचा भार तिच्या पोटावर टाकला तर त्यात तिला पुण्य नाही आणि आपल्यालाही नाही. तिला दूध द्यावं, केळं द्यावं, आणि "आमच्यात चालत नाही हं, पण तू खा" असं म्हणून तिला लाजवू नये. आपण खाऊ नये, आपल्या मुलांनी खाऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

पण खरं शहाणपण ही वेळच येऊ न देण्यात आहे. मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सहाला पानं मांडली की झालं. कच्च्या केळ्याची बिनकांद्याची पावभाजी, दहीभात, असं पोटभरीचं करावं. नुसत्या वेफर्सवर पोरं तग धरत नाहीत. आयांना फोन करून आमची वेळ आधीच सांगावी, त्यांच्याकडची पथ्यंही विचारावीत. म्हणजे नियमाची तयारी घर करतं, मुलीला काही सोसावं लागत नाही.

जेवण लवकर झालं की मोठी रात्र मोकळी मिळते. चिंचोके किंवा कवड्या घेऊन चौकाबारा मांडावा. मराठी पोरींनी कोडी घालावीत, कन्नड पोरींनी ओगटु, आणि अर्थ एकमेकींना समजावून सांगावा. ज्या पोरीला मराठी कमी येतं ती इथं मागं पडत नाही, उलट तिची मिजास वाढते! भेंड्या खेळाव्यात, पण जोड्या लावून, म्हणजे गाणं न आठवणारी एकटी पडत नाही. गच्ची असेल तर उत्तरेला सप्तर्षी शोधावेत. बक्षिसं नसली तरी चालतात. आणि तासभर काहीच ठरवू नये, मुलांना आपापसात काही सुचायला जागा हवी.

रात्री दिवा घालवताना एकदा नजर फिरवावी. गप्प कोण आहे, कडेला कोण झोपलंय, कुणाला आईची आठवण येतेय. तिच्याजवळ जाऊन बसावं, घरी फोन लावून द्यावा. सामायिक करताना सर्व जीवांशी मैत्री असावी असं आपण भावतो. सर्व जीव फार मोठा आकडा झाला. त्या रात्री घरात आठच असतात, तेवढ्यांपासून सुरुवात करता येते.